खासगी तबकडी आणि पुनर्शोधाचे निकष : उत्तर इंग्लंडमधील एका कॅबरे वाद्यवृंदाच्या निमित्ताने

प्रस्तुत लेख एका तबकडीविषयी आहे. सत्तरच्या दशकात उत्तर इंग्लंडमधील चौघांच्या एका वाद्यवृंदाने ती स्वखर्चाने काढली. ब्रॅडफर्डजवळ राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला ती तेथील एका धर्मादाय दुकानात, नाताळगीतांच्या गठ्ठ्यात, पन्नास पेन्सना मिळाली. आमच्या घरी वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर अजून चालू स्थितीत आहे हे तिला ठाऊक असल्याने दिवाळीला येताना ती तिने माझ्यासाठी आणली. वेष्टनावर चौघांचे छायाचित्र आहे : झालरीचे सदरे, मोठाले बो, कानांवर आलेले केस, आणि छायाचित्रकाराने सांगितल्यावरच माणूस हसतो तसे हसू. मागील बाजूस चौघांच्या सह्या आहेत, निळ्या शाईने केलेल्या. प्रकाशक कंपनीचे नाव नाही, सन नाही. वाद्यवृंदाचे नाव मी या लेखात देणार नाही. सदस्यांपैकी काहीजण हयात असू शकतील. त्यांची संमती मी घेतलेली नाही, आणि प्रतिपादनाला त्या नावाची गरजही नाही.

गेल्या तीन-चार दशकांत इंग्लंड-अमेरिकेत अशा खासगी तबकड्यांच्या पुनर्शोधाची एक मोठी चळवळच उभी राहिली आहे. विस्मृतीत गेलेल्या कलाकृतीला पुन्हा श्रोता मिळावा, याहून चांगली गोष्ट कोणती, असे वरवर पाहता वाटते. तथापि हा पुनर्शोध कोणत्या निकषांवर होतो, आणि त्या निकषांतून काय निसटते, याचा विचार फारसा झालेला दिसत नाही. माझ्या टेबलावरील तबकडी या निकषांना जवळजवळ कोठेच उतरत नाही. तरीही ती ऐकल्यानंतर निकषांविषयीच शंका यावी, असे काही तिच्यात आहे. त्या शंकेची मांडणी करण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम 'कॅबरे' या शब्दाविषयी. मराठी वाचकाच्या मनात हा शब्द हिंदी चित्रपटातील नृत्यप्रसंगाशी इतका जखडलेला आहे की येथे थोडा खुलासा आवश्यक ठरतो. सत्तरच्या दशकातील उत्तर इंग्लंडमध्ये कॅबरे म्हणजे क्लबात, टेबलांभोवती बसून, खातपीत ऐकण्याचा गाण्याबजावण्याचा आणि विनोदाचा कार्यक्रम. त्याचे दोन थर होते. वरचा थर भव्य 'व्हरायटी क्लब'चा. यॉर्कशायरमधील बॅटली या लोकरी चिंध्यांच्या व्यवसायावर वाढलेल्या गावात १९६७ साली जेम्स कॉरिगन यांनी असा क्लब काढला, आणि पुढच्याच वर्षी तेथे लुई आर्मस्ट्राँग येऊन वाजवून गेले. हा क्लब सांडपाणी प्रक्रियेच्या जुन्या जागेवर उभा होता, हे सांगितल्याशिवाय त्याचे वर्णन कोणी पूर्ण करीत नाही. १९७८ मध्ये तो बंद पडला. खालचा, आणि कितीतरी पटींनी विस्तृत, थर कामगार क्लबांचा. या क्लबांचा संघ १८६२ साली हेन्री सॉली या धर्मोपदेशकाने स्थापन केला. कामगारांना दारूच्या गुत्त्यापासून दूर नेऊन ज्ञान आणि निरुपद्रवी करमणूक द्यावी, हा त्याचा हेतू. कामगारांनी क्लब आपलेसे केले आणि काही वर्षांत तेथे बिअरही आणली. सत्तरच्या दशकात शनिवारी रात्री अशा क्लबातील मंचावर येणारा कलावंत कोणीही असो, त्याला 'टर्न' म्हणत. टर्न म्हणजे पाळी. आधी बिंगो, मग पाळी, मग पुन्हा बिंगो. कार्यक्रमाची सूत्रे क्लबाच्या निर्वाचित 'कॉन्सर्ट सेक्रेटरी'कडे असत, आणि गरमागरम पाय आल्याची घोषणा करण्यासाठी गायकाला मध्येच थांबवण्याचा अधिकार त्याला आहे, याविषयी कोणाच्या मनात संदेह नसे. १९७४ ते १९७७ या काळात ग्रॅनडा टेलिव्हिजनने अशा क्लबाचा बनावट देखावा उभारून एक लोकप्रिय मालिकाच चालवली होती.

या मंचांवरील वाद्यवृंदांना तबकडी हवी असे ती दुकानासाठी नव्हे. कार्यक्रम संपल्यावर मंचाशेजारच्या टेबलावर ठेवायची, सही करून विकायची, एखादी प्रत दलालाला, एखादी दूरचित्रवाणीवरील प्रतिभाशोध कार्यक्रमाच्या निर्मात्याला पाठवायची. हे काम करून देणाऱ्या छोट्या संस्था देशभर होत्या. लँकशायरमधील कार्नफर्थ येथील 'डेरॉय साउंड सर्व्हिस' हे त्यांतील सर्वपरिचित नाव. शाळेचे गायनवृंद, चर्चमधील ऑर्गनवादक, हौशी नाट्यमंडळे आणि रॉक वाद्यवृंद हे सारे तिचे ग्राहक. अशा अनेक तबकड्यांच्या प्रतींची संख्या नव्याण्णव असते, आणि संग्राहक त्या आकड्याभोवती गूढतेचे वलय उभे करतात. कारण मात्र साधे आहे. ब्रिटनमध्ये तबकड्यांवर खरेदी कर होता आणि शंभराहून कमी प्रतींना त्यातून सूट मिळे. १ एप्रिल १९७३ रोजी खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला, तेव्हा या आकड्यामागील कारणही गेले.

नव्याण्णव प्रतींच्या या जगातूनच पुनर्शोधाची प्रसिद्ध उदाहरणे आली. ब्लॅकपूलच्या 'कॉम्प्लेक्स' या वाद्यवृंदाने डेरॉयकडून १९७१ च्या सुमारास नव्याण्णव प्रती काढून घेतल्या. नॉर्दॅम्प्टनच्या 'डार्क' या वाद्यवृंदाची १९७२ ची 'राउंड द एजेस' तर त्याहूनही कमी प्रतींची. आज यांच्या मूळ प्रती हजारो पौंडांना विकल्या जातात, आणि नव्वदच्या दशकापासून त्यांच्या पुनरावृत्त्या निघत आलेल्या आहेत. याच्या उलट वेकफिल्डच्या बिल नेल्सन यांची 'नॉर्दर्न ड्रीम' (१९७१). तिच्या अडीचशेच प्रती होत्या. पण एक प्रत बीबीसीच्या जॉन पील यांच्यापर्यंत पोहोचली, त्यांनी ती वाजवली, आणि नेल्सन यांच्या 'बी-बॉप डिलक्स'ला मोठ्या कंपनीचा करार मिळाला. वेकफिल्डहून बॅटली काही मैलांवर आहे. एकाच परिसरात, एकाच दशकात, एका बाजूस स्वतःची गाणी फितीवर उतरवणारे तरुण आणि दुसऱ्या बाजूस इतरांची गाणी गाणारे झालरीच्या सदऱ्यांतील गृहस्थ. पुनर्शोधाचा सारा प्रकाश पहिल्या बाजूवर पडला आहे.

असे का व्हावे? मानववंशशास्त्रज्ञ मायकेल थॉम्पसन यांनी 'रबिश थिअरी' (१९७९) या ग्रंथात वस्तूंचे तीन वर्ग कल्पिले आहेत. काही वस्तू क्षणिक असतात, त्यांचे मोल दिवसेंदिवस घटते. काही चिरस्थायी असतात, त्यांचे मोल वाढते. आणि या दोहोंमध्ये कचऱ्याचा मोलहीन प्रदेश असतो. क्षणिक वस्तू चिरस्थायी व्हायची तर तिला या कचऱ्यातूनच जावे लागते. कॉव्हेंट्री येथे यंत्रमागावर विणलेली स्वस्त रेशमी चित्रे प्रथम क्षुल्लक आणि नंतर संग्राह्य कशी ठरली, हे त्यांचे उदाहरण प्रसिद्धच आहे. खासगी तबकडीचा प्रवास नेमका असाच आहे. पण थॉम्पसन यांच्या विवेचनातील मर्म असे की कचऱ्यातून कोणती वस्तू उचलायची हे वस्तूतील गुणांवर पूर्णतः अवलंबून नसते; उचलणाऱ्याच्या सामाजिक स्थानाचा आणि अभिरुचीचा त्यात मोठा वाटा असतो. खासगी तबकड्या उचलणारे संग्राहक बहुतांशी रॉक संगीतावर वाढलेले. त्यांची अभिरुची एकच प्रश्न विचारते : यावर स्वरचित गाणी किती? कॅबरे वाद्यवृंदाच्या तबकडीवर हे उत्तर बहुधा 'एक' किंवा 'एकही नाही' असे येते, आणि ती पुन्हा नाताळगीतांच्या गठ्ठ्यात जाते. गठ्ठ्यातून ती बाहेर आलीच तर विनोदी वस्तू म्हणून : सदरे पाहा, केस पाहा. 'एन्जॉय द एक्स्पीरियन्स' (२०१२) या मुख्यत्वे अमेरिकी खासगी तबकड्यांच्या वेष्टनांच्या जाडजूड ग्रंथाची पाने उलटताना मीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. मात्र वेष्टन पाहून हसणे आणि तबकडी ऐकणे या दोन भिन्न क्रिया आहेत.

आता प्रत्यक्ष तबकडीकडे वळू. तिच्यावर सन नसला तरी एक सीमा ठरवता येते. पहिल्या बाजूच्या शेवटी असलेल्या गीतमालेत 'टाय अ यलो रिबन' हे गाणे आहे. ते ब्रिटनमध्ये १९७३ च्या वसंतात अग्रस्थानी होते. म्हणजे तबकडी १९७३ च्या आधीची नाही, आणि नव्याण्णवच्या मर्यादेला ती बांधलेली असण्याचे कारण नाही. वाद्ये चार : इलेक्ट्रॉनिक ऑर्गन, गिटार, बास आणि ड्रम. श्रोते नाहीत, ध्वनिमुद्रण एखाद्या छोट्या खोलीतले असावे, कारण झांजेचा आवाज भिंतीवर आदळून लगेच परततो. एकूण अकरा गाणी, त्यांपैकी दहा इतरांनी आधी गाजवलेली.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करावेसे वाटते. इतरांचे गाणे गाऊन तबकडी काढणे म्हणजे चोरी, असा भाव आपल्या बोलण्यात सहज येतो. ब्रिटनच्या १९५६ च्या स्वामित्वहक्क कायद्याने मात्र हा व्यवहार उघडपणे मान्य केला होता. एखादे गीत एकदा किरकोळ विक्रीसाठी ध्वनिमुद्रित झाले, की किमतीच्या सव्वासहा टक्के मानधन भरून दुसऱ्या कोणालाही ते ध्वनिमुद्रित करता येई. गीत लोकांत आल्यावर ते अनेकांनी गावे, हे त्या कायद्यात गृहीत होते. पहिली तबकडी म्हणजे अस्सल आणि बाकीच्या नकला, हा क्रम कायद्याने लावलेला नव्हता. तो नंतर अभिरुचीने लावला.

ही तबकडी सर्वत्र चांगली आहे असे म्हणण्याचा माझा मुळीच इरादा नाही. गीतमाला कंटाळवाणी आहे. ऑर्गनवादक प्रत्येक कडव्याच्या शेवटी तीच एक उतरती तान वाजवतो. दुसऱ्या बाजूवरील विनोदी गीताला श्रोत्यांविना हसू येत नाही आणि गायकालाही ते जाणवत असावे. शेवटच्या ओळी तो घाईने उरकतो. बरीचशी खासगी तबकड्यांची सामग्री याच प्रतीची असते. पण पहिल्या बाजूवरील तिसरे गाणे, 'ग्रीन, ग्रीन ग्रास ऑफ होम', मी आजवर बहुधा तीसेक वेळा ऐकले असेल.

हे गाणे मूळ अमेरिकी. कर्ली पुटमन यांनी लिहिलेले, ग्रामीण अमेरिकी ढंगाचे. वेल्समधील पाँटिप्रिडच्या खाणकामगाराचा मुलगा टॉम जोन्स याने ते १९६६ मध्ये गायले आणि ब्रिटनमध्ये ते सात आठवडे अग्रस्थानी राहिले. जोन्सचीही सुरुवात दक्षिण वेल्समधील कामगार क्लबांतच झालेली. गाण्याचा नायक दीर्घकाळाने घरी परतल्याचे सांगतो : आगगाडीतून उतरतो, आईवडील भेटतात, प्रेयसी धावत येते. मग गाणे थांबते आणि गद्यात बोललेला एक तुकडा येतो. त्यात कळते की तो तुरुंगात जागा झाला आहे आणि पहाटे त्याला मृत्युदंड होणार आहे. घर हे स्वप्न होते.

आमचा गायक पहिली दोन कडवी त्या काळचे सर्व क्लबगायक गात तशी गातो, म्हणजे उच्चार अमेरिकी वळणाचे, स्वर प्रत्येक ओळीच्या अखेरीस उंचावरून सोडलेला. लीड्समध्येच वाढलेले समीक्षक रिचर्ड हॉगर्ट यांनी 'द यूजेस ऑफ लिटरसी' (१९५७) मध्ये या गायनशैलीचे वर्णन केले आहे. जत्रेतील चढउताराच्या गाडीची उपमा देऊन ते सांगतात की या गायनात भावना लपवायची नसते. ती सर्वांच्या वतीने, सर्वांना पुरेल इतकी मोठी करून दाखवायची असते. क्लबातील ग्लासांच्या आवाजावर मात करण्यासाठी हा आवाज घडलेला आहे. रिकाम्या खोलीत तो अतिरिक्त वाटतो. मग गद्य तुकडा येतो, आणि गायकाचे उच्चार बदलतात. अमेरिकी वळण गळून पडते. यॉर्कशायरच्या बोलीतील आखूड, सपाट स्वर ऐकू येतात. 'द' हे उपपद जवळजवळ नाहीसे होते. तो हे योजून करतो असे मला वाटत नाही. गाताना माणसाला दुसऱ्याची भाषा वापरता येते. बोलताना, विशेषतः पहाटे मरणार असलेल्या माणसाच्या तोंडचे बोलताना, ती टिकत नाही. टेनेसीतला किंवा कोठलासा कैदी अकस्मात बॅटली-ड्यूजबरीकडचा होतो. त्याचे घरही तेथलेच होते. त्यानंतर पुन्हा गाणे सुरू होते आणि गायक आपल्या अमेरिकी उच्चारांकडे परततो, पण पहिल्या कडव्यांतील सहजता आता उरलेली नसते. शेवटची लांबवायची ओळ तो लांबवत नाही.

मूळ तबकडीत हे घडत नाही. घडूच शकत नव्हते. हा अर्थ या गायनातच निर्माण झालेला आहे. ज्याला आपण नक्कल म्हणतो तीत मूळ कृतीला अप्राप्य असा एक क्षण आहे.

याउलट तबकडीवरील एकमेव स्वरचित गीत दुसऱ्या बाजूवर चौथे आहे. वेष्टनावर त्याच्यापुढे गिटारवादकाचे नाव कंसात दिलेले आहे. पुनर्शोधाच्या निकषांनुसार तबकडीचे सारे मोल या तीन मिनिटांत साठवलेले. मावसबहिणीने एका जुन्या तबकड्यांच्या विक्रेत्याकडे सहज चौकशी केली तेव्हा त्याने विचारलेला पहिला प्रश्न 'मूळ गाणे आहे का' हाच होता. हे गीत मी पुन्हा पुन्हा, सहानुभूतीने ऐकले. ते नीटनेटके आहे, चाल गोड आहे, आणि त्यात त्या चौघांपैकी कोणीही नाही. गिटारवादकाने रेडिओवर ऐकलेल्या पन्नास गाण्यांची ती सरासरी आहे. स्वतःचे काही लिहायला बसल्यावर त्याने सर्वांचे लिहिले, आणि गायकाने दुसऱ्याचे गाताना स्वतःचे गायले.

या ठिकाणी मला माझी एम. फिल.ची प्रबंधिका आठवल्यावाचून राहत नाही. विषय मराठी रंगभूमीवरील एका कालखंडाचा होता. स्वतंत्र नाटके मी मुख्य प्रकरणांत घेतली आणि रूपांतरित नाटकांची यादी परिशिष्टात टाकली. परीक्षकांनी त्याला हरकत घेतली नाही. मलाही त्यात काही वावगे वाटले नव्हते. त्या परिशिष्टातील नाटके प्रेक्षकांनी अधिक पाहिली होती, नटांनी त्यांत पदरच्या ओळी घातल्या होत्या, गावोगाव ती बदलत गेली होती. आणि हे सारे मला ठाऊक असूनही माझ्या वर्गीकरणात त्याला जागा नव्हती.

रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) मध्ये कलाविचाराचे दोन ध्रुव दाखवले आहेत. एका ध्रुवावर कला ही अलौकिक, स्वायत्त, इतर व्यवहारांपासून विलग. दुसऱ्यावर ती लौकिक जीवनाशी निगडित, त्याच्या मूल्यांनी मोजली जाणारी. आपला कलाव्यवहार या दोहोंतील ताणातून चालतो. खासगी तबकडीच्या संदर्भात या मांडणीचा उपयोग असा की संग्राहकांचा पुनर्शोध तबकडीला अलौकिकाच्या ध्रुवाकडे खेचतो : ती एकमेवाद्वितीय, काळापासून तुटलेली, कोणी न ऐकलेली अशी असावी. कोणी ऐकलेली नसणे हाच तेथे गुण ठरतो. यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे तेजोवलय नष्ट होते असे वॉल्टर बेंजामिन यांनी १९३६ मध्ये म्हटले होते. नव्याण्णव प्रतींच्या व्यापाराने ते वलय यंत्राच्याच उत्पादनाला पुन्हा चढवले आहे. कॅबरे तबकडीची अडचण अशी की ती शेकडो लोकांनी आधीच ऐकलेली असते, तबकडीवर नव्हे, तर क्लबात. ती आठवणीची वस्तू आहे. त्या रात्री तेथे असलेल्याने ती घरी नेली. लौकिक ध्रुवाकडून पाहिल्याशिवाय ती दिसतच नाही, आणि केवळ लौकिक ध्रुवाकडून पाहिले तर समाजशास्त्राचे एक कागदपत्र एवढेच तिचे रूप उरते; मग गद्य तुकड्यातील तो उच्चारबदल ऐकायला कोणी थांबत नाही. समाजशास्त्रीय सहानुभूतीतही एक प्रकारची बहिरेपणाची सोय असते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. ब्रिटनमध्ये पुस्तकाची प्रत ग्रंथालयात जमा करणे कायद्याने बंधनकारक आहे. ध्वनिमुद्रिकेला हे बंधन नाही. १९५५ साली स्थापन झालेली आणि १९८३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीत समाविष्ट झालेली ध्वनिसंग्रहालयाची संस्था मुख्यतः देणग्या आणि स्वेच्छेने आलेल्या प्रती यांवर उभी आहे. म्हणजे खासगी तबकडी टिकणार की नाही हे प्रायः संग्राहकच ठरवतात. ज्या तबकडीवर स्वरचित गीत नाही ती कोणी जपत नाही, आणि जपली न गेल्याने पुढील अभ्यासकाला असे वाटणार की सत्तरच्या दशकात यॉर्कशायरमधील लोक शनिवारी रात्री नव्याण्णव प्रतींचे रॉक ऐकत होते.

एक निरीक्षण नोंदवायचे राहिले. तबकडी तिरप्या प्रकाशात धरली असता कोणत्या खाचा किती झिजल्या आहेत हे डोळ्यांनी दिसते. तिच्या पहिल्या मालकाने, किंवा मालकिणीने, ती बरीच वाजवली आहे. दोन्ही बाजू साधारण सारख्या करड्या पडल्या आहेत, दोन जागा सोडून. पहिल्या बाजूवरील तिसऱ्या गाण्याचा पट्टा इतका घासला गेला आहे की गद्य तुकड्याच्या मागे सतत बारीक चरचर ऐकू येते, आणि त्या तुकड्याच्या किंचित आधी आडवे ओरखडे आहेत. कोणीतरी सुई उचलून पुन्हा पुन्हा तेथेच ठेवत असले पाहिजे. दुसऱ्या बाजूवर स्वरचित गीताच्या आधीची आणि नंतरची गाणी झिजलेली आहेत. त्या चौथ्या पट्ट्यावर मात्र तबकडी अजून नव्यासारखी काळीभोर चमकते.